नवापूरला नेलेलं स्टिअरिंग

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस गेले की एखाद्या दुपारी वारा समुद्राकडून फिरतो आणि पालघरात बोंबलांचा वास येतो. सातपाटी काही आमच्या शेजारी नाही, पण वाळत्या मासळीच्या वासाला अंतराचं काही वाटत नाही. माझी सून खिडक्या लावून घेते. मी तिला काही म्हणत नाही. ती नाशिकची आहे. मी आपली खुर्ची उचलून गॅलरीत नेते आणि पाच वाजेपर्यंत तिथंच बसते. आता वय असं झालंय की सकाळी काय जेवले ते संध्याकाळी आठवत नाही. पण हा वास आला की साठ वर्षांपूर्वीचा एक हिवाळा मला रविवार मोजून सांगता येईल इतका लख्ख आठवतो.

त्या हिवाळ्यात मी चोवीस वर्षांची होते आणि चिंचणीच्या शाळेत मुलींना शिकवत होते. माझे वडील गावात डॉक्टर होते. आई मी लहान असतानाच गेली. त्यामुळे घरात आम्ही दोघं, आणि तिसरी म्हणजे आमची गाडी. बाबांनी ती डहाणूच्या एका पारशी बागायतदाराकडून घेतली होती. लढाईच्या आधीची, विलायती, काळी; पुढे दोन मोठे वाटोळे दिवे आणि दाराखाली पाय ठेवायला पट्टी. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झाल्यापासून रस्त्यावर ट्रक आणि जीपगाड्या पुष्कळ दिसायला लागल्या होत्या. पण अडल्यानडल्याला दार ठोठावून मागता येईल अशी मोटार चिंचणीपासून नवापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर तेवढी एकच. तिच्या मागच्या सीटवर किती बाळंतिणी, किती ताप, किती साप चावलेले हात पालघरच्या इस्पितळात गेले असतील, त्याची बाबांनी कधी नोंद ठेवली नाही.

त्या गाडीचं स्टिअरिंग मला आजही हाताला जाणवतं. आत लोखंडाची सळई आणि वर काळ्या कडक रबराचा थर. खालच्या अंगाला बोटं बसावीत म्हणून लाटेसारख्या खाचा. खाऱ्या हवेनं आणि उन्हानं तो थर आकसत गेला आणि त्याला जागोजागी आडव्या भेगा पडल्या. एकेका भेगेत भाताचा दाणा उभा राहील इतक्या. बाबांचे हात जिथं असायचे तिथल्या खाचा तर झिजून सपाट झाल्या होत्या, आणि उजवीकडे आतलं लोखंड दिसत होतं. पावसाळ्यात त्याचा गंज तळहाताला लागायचा. व्हिजिटवरून आले की बाबा आधी हात धुवायचे, आणि मोरीत तांबूस पाणी वाहायचं.

"हे एकदा करून घ्यायला हवं," असं ते दर वर्षी जूनच्या तोंडी म्हणायचे. मग कधी ब्रेक निघायचा, कधी बॅटरी, कधी टायर. स्टिअरिंग फिरत होतं, म्हणून ते मागे राहिलं.

श्रावणातल्या एका दुपारी नवापूरहून सायकलवर माणूस आला. पदमन मिस्त्रींची थोरली मुलगी यमू अडली होती. पदमन मिस्त्री म्हणजे होड्या बांधणारे सुतार, सगळ्या किनाऱ्यावर नावाजलेले. यमू एकोणीस वर्षांची. पहिलटकरीण, म्हणून माहेरी आणलेली. सकाळपासून रक्त जात होतं आणि थांबत नव्हतं. बाबा दवाखाना तसाच उघडा टाकून निघाले. मी शाळेत होते. पुढचं मला तेव्हा कळलं नाही. ते तुकड्या-तुकड्यांनी नंतर कळलं.

बाबांनी यमूला पाहिलं आणि मागच्या सीटवर घ्यायला सांगितलं. तिची आई मागे बसली, मिस्त्री पुढे. बोईसर मागे पडलं. उमरोळीच्या अलीकडे एक वळण आहे. तिथं समोरून ट्रक आला. बाबांनी गाडी डावीकडे घेतली आणि परत रस्त्यावर आणायला स्टिअरिंग उलटं फिरवलं. तेव्हा उजवीकडचा वीतभर रबराचा तुकडा सळईवरून सुटून त्यांच्या मुठीत आला. ओलं लोखंड हातातून निसटलं. गाडीची पुढची दोन्ही चाकं भाताच्या खाचरात गेली.

कुणाला लागलं नाही. खरचटलंही नाही. शेतातली माणसं धावत आली, त्यांनी रेड्यांची जोडी आणली, दोर बांधले. चिखल असा की रेडे गुडघ्यापर्यंत रुतायचे. गाडी वर यायला पाऊण तास लागला. पालघरचं इस्पितळ मैल-दीड मैलावर राहिलं असताना यमू गेली. पोटातलं मूलही.

बाबा दिवेलागणीला घरी आले. मी चहा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. "माझ्या हातून चाक सुटलं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि चारी टोकांना विटा ठेवल्या.

दवाखाना चालू राहिला. कुणी गाडीसाठी आलं की बाबा औषध द्यायचे, चिठ्ठी लिहून द्यायचे आणि बैलगाडी करून बोईसर स्टेशन गाठायला सांगायचे. लोक खाली मान घालून जायचे. गावानं बाबांना बोल लावला नाही, नवापूरनंही नाही. मला वाटतं, लावला असता तर त्यांना झोप लागली असती.

मग नवरात्र गेलं, दिवाळी गेली, भात कापून झालं. पालघरच्या बाजूला गवताच्या गंजी लागल्या. किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या काठ्या बांधून त्यांवर बोंबील वाळत पडले. अशा एका रविवारी सकाळी पदमन मिस्त्री आमच्या दारात येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, हातात टोपी. श्रावणानंतर मी त्यांना प्रथमच पाहत होते. माणूस अर्धा झाला होता.

"डाक्टर हायत का, ताई?"

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. बाबा बाहेर आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"डाक्टर, तुमच्या गाडीचं हातातलं चाक हाय ना, ते मला द्या. मी नीट करून देतो."

बाबा म्हणाले, "गाडी मी आता चालवत नाही."

"ठाऊक हाय. पन माझी धाकटी, कुसुम, तिला दिवस गेलेत. माघात मोकळी होयाची. तिला घरी आनतोय." मिस्त्रींनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तिचं काय झालं तर मी कुनाच्या दारात जाऊ?"

"बोईसरला जीप मिळेल. मी चिठ्ठी देतो. बांधकामावरचे साहेब लोक माझ्या ओळखीचे आहेत."

"सायबाची जीप सायब घेऊन गेला असंल तर?"

बाबांनी मान हलवली. "ते चाक भंगारात जायच्या लायकीचं आहे. त्याला हात लावू नका." आणि आत निघून गेले. टोपी डोक्यावर घालून मिस्त्री मला "येतो, ताई" म्हणून गेले. फाटक त्यांनी आवाज न करता लावलं. माझ्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दोघं जवळपास एका वयाचे, आणि बाबा त्यांना वर्षानुवर्षं 'अरे पदमन' म्हणायचे. आज पहिल्यांदा 'अहो-जाहो' केलं होतं.

पुढचे चार दिवस मी शाळेत फळ्यावर काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी ताडपत्रीची एक बाजू उचलली, बाबांची हत्यारांची पेटी घेतली आणि गाडीत जाऊन बसले. मधलं हॉर्नचं बटण निघालं. आतला नट गंजलेला. त्यावर रॉकेल सोडलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पान्याला लोंबकळून जोर केला तेव्हा तो हलला. स्टिअरिंग दांड्यावरून निघता निघेना. खालून लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकत राहिले. आवाज घरात जात होता. बाबा ओटीवरच बसले होते. ते उठून आले नाहीत आणि थांब असंही म्हणाले नाहीत.

रविवारी मी ते चादरीत गुंडाळून बाहेर पडले तेव्हा ते पेपर वाचत होते. "मी नवापूरला जातेय," मी म्हटलं.

पेपर खाली न करता ते म्हणाले, "नऊची एसटी घे. दहाची भरून येते."

एसटीत कंडक्टरनं चादरीतून डोकावणारं स्टिअरिंग बघितलं. "बाई, एवढीच गाडी आणलीत? बाकीची मागून येतेय का?" सगळे हसले, मीही. तेवढ्यात मागून मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन बसलेली एक म्हातारी म्हणाली, "चिंचनीच्या डाक्टराचं चाक हाय ते." हसणं थांबलं. कंडक्टरनं तिकीट फाडून माझ्या हातात दिलं आणि पुढे गेला.

मिस्त्रींचं घर किनाऱ्याला लागून होतं. अंगणात एक अर्धी बांधलेली होडी, सागाचे ढलपे, डांबराचं पिंप, आणि पलीकडे बोंबलांच्या रांगा. तारापूरच्या बाजूनं खडक फोडण्याच्या सुरुंगांचे आवाज अधूनमधून यायचे. आवाज झाला की काठ्यांवर बसलेले कावळे उडायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. मिस्त्रींनी चादर सोडली. त्यांची बायको, जानकीकाकू, दारात उभी होती. तिनं त्या स्टिअरिंगकडे पाहिलं आणि ती आत गेली. त्या दिवशी बाहेर आली नाही. मी निघाले तेव्हाही नाही.

त्यानंतर मी दर रविवारी जायला लागले. जायची गरज होती असं नाही. काम मिस्त्रींचं होतं. पण कुणीतरी आमच्या घरातलं तिथं असायला हवं असं मला वाटायचं.

मिस्त्रींनी आयुष्यभर लाकूडकाम केलेलं. रबर आणि लोखंड त्यांना नवीन होतं. आधी त्यांनी होडीच्या फटी बुजवतात ती रीत केली. कापूस, राळ आणि तेल यांचा घट्ट गोळा करून भेगांत भरला. दिसायला सुरेख झालं. दोन दिवस उन्हात राहिलं तर ती राळ मऊ पडली आणि हाताला चिकटायला लागली. मिस्त्रींनी सगळं खरवडून काढलं. त्यांची पंधरा दिवसांची मेहनत वाळूत काळ्या चुऱ्यासारखी पडली होती.

बांधकामावरचा एक फिटर बोईसरला खोली घेऊन राहायचा. बलदेव त्याचं नाव, उत्तरेकडचा. रविवारी तो नवापूरला मासळी घ्यायला यायचा. एकदा तो अंगणात थांबला आणि स्टिअरिंग उचलून पाहिलं.

"मिस्त्रीजी, राल से नहीं होगा. इसका मसाला अलग आता है. दो ट्यूब रहता है. दोनों बराबर मिलाओ, घंटे भर में पत्थर."

पुढच्या रविवारी त्यानं मुंबईहून आणवलेल्या दोन ट्यूब दिल्या. त्यानंच दाखवलं की भेग आहे तशी भरली तर मसाला नुसता वर बसतो. ती आधी कानशीनं उघडायची, आत निमुळती आणि वर रुंद करायची, म्हणजे मसाला तळापर्यंत जातो. मिस्त्रींनी एकेक भेग तशी उघडली. मसाला कालवला, भरला. सोमवारी दगडासारखा कडक झाला. गुरुवारी उजवीकडचा सगळा भाग खपलीसारखा सुटून आला.

मी गेले तेव्हा मिस्त्री स्टिअरिंग मांडीवर घेऊन नुसते बसले होते. उजवीकडे सळई पुन्हा उघडी पडली होती.

"धरत नाय," ते म्हणाले. "खारं हाय हे लोखंड. वीस वर्सांचं मीठ आन् घाम मुरलाय ह्यात. घासून नाय जायाचं. गोड्या पान्यात ठेवाय पायजे, दोन-तीन दिस, पानी बदलून बदलून." आणि ते थांबले. त्यांच्या घराजवळची विहीर मचूळ. पिण्याचं गोडं पाणी बायका लांबून डोक्यावर आणायच्या, आणि घरात गोडं पाणी चुलीपाशी झाकून ठेवलेलं असायचं. ते मागायचं तर जानकीकाकूकडे मागावं लागणार होतं.

मिस्त्रींनी मागितलं नाही. थोड्या वेळानं जानकीकाकू स्वतःच बाहेर आली. तिच्या कमरेवर हंडा होता. तिनं तो आमच्यापुढे वाळूत ठेवला, मोठं घमेलं आणलं, त्यात पाणी ओतलं आणि नवऱ्याच्या मांडीवरचं स्टिअरिंग उचलून स्वतःच्या हातानं त्यात बुडवलं.

"गोडं हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "उद्या आनखी आनते. तीन दिस ना?"

तीन दिवस तिनं पाणी भरलं. यमूची आई होती ती, तिचं डोकं मांडीवर घेऊन त्या गाडीत बसलेली. त्या तीन दिवसांत तिच्या मनात काय होतं ते मी कधी विचारलं नाही. पुढे आमचं येणं-जाणं पुष्कळ झालं तरी नाही.

मसाला आता धरून राहिला. मग कानस, मग पाण्यातला पॉलिश पेपर. मिस्त्रींनी फळीच्या तुकड्याला अर्धगोल खाच पाडली होती. ती स्टिअरिंगच्या गोलाईवरून फिरवायची; जिथं अडेल तिथं जास्त घासायचं, जिथं फट दिसेल तिथं पुन्हा भरायचं. मीही घासलं. बोटांची कातडी जायची आणि सोमवारी शाळेत खडू धरताना चुरचुरायचं. पौषातली थंडी, सकाळचं कोवळं ऊन, ओहोटीचा लांब गेलेला समुद्र. त्या अंगणात फार बोलणं नसायचं. कुसुम माहेरी आली होती. ती पडवीत बसून जाळ्याची टाके-दुरुस्ती करायची आणि तिचं पोट दर रविवारी थोडं पुढे आलेलं असायचं. मिस्त्री घासता घासता तिकडे पाहायचे आणि पुन्हा खाली मान घालायचे.

शेवटी खालच्या खाचा राहिल्या. उजवीकडच्या खाचांचा मागमूसच उरला नव्हता. मिस्त्री म्हणाले, "ताई, डाक्टरांचा हात पायजे. कुटं बोट येतं ते बघितल्याबिगर खाच पाडाय येत नाय."

मी तो निरोप घरी बाबांना दिला. रविवारी सकाळी नऊच्या एसटीला ते माझ्या आधी जाऊन उभे होते.

नवापूरच्या त्या अंगणात बाबा आले तेव्हा जानकीकाकूनं त्यांना पाणी दिलं. मिस्त्रींनी स्टिअरिंग त्यांच्या हातात दिलं. बाबांनी ते धरलं. पाच महिन्यांनी. मिस्त्री पेन्सिल घेऊन त्यांच्या प्रत्येक बोटाच्या दोन्ही बाजूंना खुणा करू लागले. बाबांची मूठ कधी आवळायची, कधी सैल पडायची, त्यामुळे खुणा सरळ येईनात.

"पदमन," बाबा म्हणाले. "मला एक सांगायचंय. तुम्ही दोघंही ऐका."

मिस्त्रींनी पेन्सिल थांबवली नाही.

"हे चाक गेलंय, हे मला दोन वर्षं माहीत होतं. करून घेतलं नाही. निव्वळ आळस केला. आणि तो पाऊण तास गेला नसता, तर यमू वाचण्याची शक्यता होती. नक्की वाचली असती असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. पण शक्यता होती. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं."

पडवीत कुसुमचे हात थांबले. मला वाटलं, आता मिस्त्री उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी बाबांची करंगळी धरून जरा बाजूला केली आणि तिथं खूण केली.

"मी शेजारीच बसलो होतो, डाक्टर," ते म्हणाले. "तुमच्या हातातला तुकडा मी बघितला. मला तेव्हाच कळलं. भादव्यात तर मी तुमचं तोंड बघनार नव्हतो. मग वाटलं, ह्यो मानूस गाडीवर ताडपत्री टाकून बसला, तर आनखी कुनाची पोर जाईल." आणि पुढच्या बोटाकडे वळून, "राग गेलाय असं नाय. पन हात सरळ धरा. खाच वाकडी येईल."

बाबांनी हात सरळ धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. जानकीकाकू आत निघून गेली. मी समुद्राकडे पाहत राहिले.

मी आता जेव्हा त्या क्षणाचा विचार करते तेव्हा मला बाबांपेक्षा मिस्त्रींचंच अवघड वाटतं. चूक कबूल करणं कठीण असेल, पण कबूल केल्यावर माणूस हलका होतो. ज्याला ती ऐकून घ्यायची आहे, आणि ऐकूनही हातातलं काम नीटच करायचं आहे, त्याचं ओझं कमी होत नाही. त्यांनी पाडलेल्या खाचा मी नंतर किती वेळा हातानं चाचपून पाहिल्या आहेत. एकही वाकडी नव्हती.

रंगाचे तीन हात दिले. हवेत खार आणि वाळू उडायची, म्हणून मिस्त्री ते घरात आढ्याला टांगून वरून टोपली झाकायचे. माघ लागता लागता ते तयार झालं. काळं, मंद चकाकणारं. जोड कुठं आहे ते शोधूनही सापडू नये. मिस्त्रींनी ते आमच्याकडे येऊन स्वतः बसवलं. बलदेव सोबत आला होता. त्यानं नट आवळून पाहिला, ब्रेक पाहिले, टायरमध्ये हवा भरली. बाबा आठवडाभर रोज सकाळी गाडी वरोरपर्यंत नेऊन परत आणायचे. शेजारी मी बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की उतरल्यावर बोटं सरळ होईनात.

त्यानंतर बाबांनी आठ वर्षं ती गाडी चालवली. डोळे अधू झाले तेव्हा थांबले. पुढे रस्ते झाले, बोईसरला कारखाने आले, इस्पितळं झाली, गाड्यांना तोटा राहिला नाही. आमची गाडी मुंबईच्या एका हौशी माणसानं नेली. मी लग्न होऊन पालघरात आले. मिस्त्री गेले, जानकीकाकू गेली, बाबा तर कधीच गेले. हे सगळं जसं व्हायचं तसंच झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखी एकच सकाळ आहे, माघातली. साडेसातला नवापूरहून सायकल आली. कुसुमच्या पोटात पहाटेपासून दुखत होतं आणि सुईण म्हणाली होती की मूल पायाळू आहे, मला पेलायचं नाही. बाबांनी बॅग उचलली. मीही शाळेत न जाता गाडीत बसले. नवापूरला कुसुमला मागच्या सीटवर घेतलं. एका बाजूला जानकीकाकू, एका बाजूला मी, आणि तिचं डोकं माझ्या मांडीवर. मिस्त्री पुढे बसले, तिथंच, बाबांच्या शेजारी. रस्ता कोरडा होता. बोईसर गेलं. उमरोळीच्या अलीकडच्या वळणाशी गाडी हळू झाली, इतकी हळू की मला वाटलं थांबतेय. बाबांच्या कानामागून घाम ओघळत होता.

मिस्त्री समोर पाहत म्हणाले, "चला, डाक्टर."

गाडी पुढे गेली. पालघरला पोचलो तेव्हा नऊ वाजले नव्हते. कुसुमला आत नेलं. बाबा तिथल्या डॉक्टरीणबाईंशी बोलून आले आणि म्हणाले, "वेळेत आलोय. थोडा वेळ लागेल, पण वेळेत आलोय." जानकीकाकू आत गेली. मिस्त्री व्हरांड्यातल्या बाकावर बसले. गेल्या दोन रात्री त्यांना झोप नव्हती हे मला नंतर कळलं. आधी ते ताठ बसून होते. मग पाठ भिंतीला टेकली. मग मान.

साडेअकराच्या सुमारास नर्स बाहेर आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असं तिनं सांगितलं. बाबांनी दोन्ही हात जोडले, कुणाला ते ठाऊक नाही. मी वळून पाहिलं तर मिस्त्री गाढ झोपले होते. तोंड उघडं, टोपी मांडीवरून घसरून खाली पडलेली, आणि रंग लागलेले हात दोन्ही बाजूंना सैल सुटलेले.

"बाबा, उठवा ना त्यांना," मी म्हटलं. "सांगा ना."

बाबांनी वाकून टोपी उचलली, तिची धूळ झटकली आणि ते त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"झोपू दे," ते म्हणाले. "आता घाई नाही."